दुसरी किल्ली कोणाच्या हातीं?

मोटारगाडीची किल्ली हरवली असतां पूर्वीं काय करावें लागे व आतां काय करावें लागतें, हा प्रश्न प्रथमदर्शनीं इतिहासाचा वाटत नाहीं. तो फार तर घरगुती जमाखर्चाचा वाटतो. वर्धा शहरास लागून असलेल्या पिपरी मेघे येथील एखाद्या गृहस्थाची जुन्या धाटणीची किल्ली हरवली, तर रस्त्याच्या कडेला कानस घेऊन बसलेला चावीवाला ती घटकाभरांत घडवून देई, आणि त्याची मजुरी देतांना कोणास फारसा विचार करावा लागत नसे. आज त्याच गृहस्थाच्या नव्या गाडीची इलेक्ट्रॉनिक किल्ली हरवली, तर खर्च हजारांत मोजावा लागतो. गाडीच्या नोंदणीचा कागद व ओळखपत्र घेऊन कंपनीच्या अधिकृत कार्यशाळेंत जावें लागतें. आणि सर्वच किल्ल्या गमावल्या असल्या, तर कांहीं गाड्यांच्या बाबतींत ती गाडी दुसऱ्या वाहनावर चढवून सुमारें पाऊणशे किलोमीटरवरील नागपुरास नेण्याचीहि पाळी येते.

यावरून कित्येक लोक 'जुनें तें सोनें' असें म्हणून मोकळे होतात. उलट नव्याचे कैवारी 'चोऱ्या कमी झाल्या हें कां विसरतां?' असा प्रतिप्रश्न करतात. आमच्या मतें दोन्ही पक्षांचें म्हणणें अर्धेंच खरें आहे. कारण किल्ली कशाची बनली आहे याकडेच दोघांचें लक्ष आहे. लोखंड कीं वीज हा भेद वरवरचा होय. मुळांतला प्रश्न निराळा आहे. पहिली किल्ली हरवल्यावर दुसरी किल्ली बनविण्याचें सामर्थ्य व अधिकार कोणाच्या हातीं असावा, हा तो प्रश्न. कुलुपांचा इतिहास पाहूं गेलें असतां तो पुष्कळ अंशीं या एका प्रश्नाचाच इतिहास आहे असें दिसून येतें.

आरंभ शब्दांपासून करूं. या लहानशा वस्तूसाठीं मराठींत रूढ असलेले शब्द निरनिराळ्या दिशांनीं आलेले आहेत. 'कुलूप' हें अरबी 'कुफ्ल' शब्दाचें फारसीच्या वाटेनें आलेलें रूप. 'चावी' ही पोर्तुगीज दर्यावर्द्यांनीं किनाऱ्यावर आणून सोडलेली. आणि 'किल्ली'चा संबंध संस्कृत 'कील', म्हणजे खुंटी, या शब्दाशीं जोडला जातो. आपल्या जुन्या वाड्यांच्या दरवाजांचा खरा रक्षक म्हणजे अडसर. परंतु अडसरास किल्ली नसते. तो आंतून घालावयाचा, म्हणजे आंत कोणी जागें माणूस असलें पाहिजे. धनी घरीं नसतांना घर राखणें हें कुलुपाचें काम. म्हणून किल्ली ही नुसती खुंटी नव्हे; ती गैरहजर धन्याची मुखत्यार आहे. तिच्या दर्शनानें कुलूप उघडतें. ती आणणारा कोण, हें कुलूप विचारीत नाहीं. मुखत्यारपत्र ज्याच्या हातीं तो धनी, हा किल्लीचा गुणहि आहे आणि दोषहि आहे.

हा दोष आपल्या पूर्वजांच्या ध्यानांत आलेला होता. शिवकालीन गडांच्या व्यवस्थेंत हवालदार, सरनोबत व सबनीस हे तिघे एकाच प्रतीचे अधिकारी असत, हें सभासदाच्या बखरीच्या वाचकांस ठाऊक आहेच. दरवाजाच्या किल्ल्या हवालदाराच्या ताब्यांत, शिबंदी सरनोबताच्या हुकमांत, हिशेब सबनिसाच्या लेखणींत, आणि कोठाराची पाहणी कारखानिसाकडे. एकटा हवालदार फितला तरी सबंध गड शत्रूच्या हवालीं होऊं नये, हें या वांटणींतील तत्त्व. कुलूप भक्कम करून गड सुरक्षित होत नाहीं. किल्लीवरचा अधिकार वांटून तो सुरक्षित होतो, हें ज्ञान त्या व्यवस्थेंत आहे. घरांतहि तेंच. किल्ल्यांचा जुडगा सासूच्या कमरेवरून सुनेच्या कमरेस गेला, म्हणजे त्या घरांत राज्यक्रांति झाली असें समजण्यास हरकत नसे. पेटी मात्र तीच राही आणि कुलूपहि तेंच राही.

कुलुपांच्या यंत्रविद्येचा विकास मुख्यतः पश्चिमेकडे झाला. प्राचीन मिसर देशांतील लाकडी कुलुपांत खुंट्या आपल्या भारानें भोंकांत पडून अडणा अडकवीत, व किल्लीनें त्या योग्य उंचीवर उचलल्या म्हणजे अडणा सरके. हेंच तत्त्व अमेरिकेंत लायनस येल या बापलेकांनीं पुनः हातीं घेतलें. बापाचें कुलूप १८४८ सालचें. मुलानें १८६१ सालीं त्यास चपट्या किल्लीच्या लहान नळकांड्याचें रूप दिलें, आणि आज आपल्या घराच्या दारास असलेलें 'लॅच' बहुधा त्याच कुळांतलें असतें. या कुलुपांत चारपांच खुंट्या असतात, आणि प्रत्येक खुंटीस उंचीच्या ठराविक पायऱ्यांपैकीं एक पायरी दिलेली असते. म्हणजे किल्लीच्या दांत्यांवर वस्तुतः चारपांच आंकडे कोरलेले असतात. तेव्हां धातूची किल्ली हीहि एक संख्याच आहे, ही गोष्ट वाचकांनीं लक्षांत ठेवावी. नव्या किल्लींत आंकडा आला व जुनींत तो नव्हता, असें मुळींच नाहीं. जुन्या किल्लीचा आंकडा उघड्यावर होता, ज्यास डोळे व कानस आहे त्यास तो वाचतां येई, एवढाच काय तो फरक.

गुपित कोठें ठेवावें याविषयींचा पहिला मोठा वाद लंडनमध्यें झाला. जोसेफ ब्रामा याचें कुलूप १७८४ सालचें. तें किल्लीवांचून उघडील त्यास दोनशें गिनी बक्षीस, अशी पाटी त्याच्या दुकानाच्या खिडकींत अर्ध्या शतकाहून अधिक काळ लागलेली होती. १८५१ च्या महाप्रदर्शनाच्या वेळीं आल्फ्रेड हॉब्स नांवाचा अमेरिकन कुलूपकार तेथें आला. त्यानें प्रथम चब कंपनीचें नामांकित कुलूप अर्ध्या तासाच्या आंत उघडलें, आणि नंतर सोळा दिवसांत एकंदर एक्कावन्न तास खपून ब्रामाचेंहि उघडलें. लोक खवळले. असलीं ज्ञानें प्रसिद्ध केल्यास चोरांचें फावेल, असा ओरडा झाला. हॉब्सच्या पक्षाचें उत्तर असें कीं, चोरांस त्यांचा धंदा आधींपासूनच येतो. अज्ञानांत राहतो तो विचारा गिऱ्हाईक. पुढें १८८३ सालीं ऑगस्ट केर्कहॉफ्स या पंडितानें सैनिकी गुप्तलिपीविषयीं लिहितांना हेंच तत्त्व सूत्ररूपानें मांडलें. यंत्राची रचना शत्रूच्या हातीं पडली तरी बिघडतां कामा नये. गुप्त राहावी ती केवळ किल्ली. या सूत्राकडे आम्हांस पुढें पुनः वळावें लागणार आहे.

आपल्या प्रांतांत हा धंदा कारखान्याच्या स्वरूपांत उभा राहिला तो १८९७ सालीं. अर्देशीर गोदरेज यांनीं वकिली सोडून प्रथम शस्त्रक्रियेचीं हत्यारें बनविण्याचा उद्योग करून पाहिला. तो फसल्यावर मुंबईंतील घरफोड्यांच्या बातम्यांवरून त्यांचें लक्ष कुलुपांकडे गेलें, आणि लालबाग येथें एका लहानशा जागेंत त्यांनीं कारखाना घातला. परदेशी कुलुपांवर भिस्त ठेवणाऱ्या पेढीवाल्यांनीं व गृहस्थांनीं देशी कुलपावर विश्वास टाकला, ही घटना औद्योगिक इतिहासांत जितकी महत्त्वाची तितकीच समाजाच्या विश्वासाच्या इतिहासांतहि आहे. परंतु येथेंहि व्यवहार सरळ होता. कुलपाबरोबर किल्ल्यांची जोडी मिळे. एक वापरांत राही, दुसरी गृहस्थ आपल्या हातानें कोठें तरी जपून ठेवी. कारखानदाराचा संबंध विक्रीबरोबर संपे.

आतां मोटारीकडे वळूं. आरंभींच्या मोटारी पुढल्या बाजूस लोखंडी हँडल फिरवून चालू कराव्या लागत. कॅडिलॅक गाड्यांस १९१२ सालीं चार्ल्स केटरिंग यांनीं सिद्ध केलेला विजेचा स्टार्टर बसला. आणि किल्ली फिरवितांच एंजिन सुरू व्हावें ही सोय क्रायस्लर कंपनीनें १९४९ मध्यें आणली. तेथपासून मोटारीची किल्ली एकाच वेळीं दाराची व एंजिनाची मुखत्यार झाली. आपल्या पिढीचा परिचय कुर्ल्यास बनणाऱ्या फियाट व तिचीच पुढील आवृत्ति जी पद्मिनी तिच्याशीं, आणि बंगालच्या ॲम्बॅसॅडरशीं. त्यांच्या किल्ल्या साध्या, दांते थोडे, आणि वापरानें झिजलेल्या. त्यामुळें एकाच्या किल्लीनें दुसऱ्याची गाडी उघडल्याच्या गोष्टी घरोघर ऐकावयास मिळत. ज्यांचें घराणें वर्ध्याचें त्या बजाजांच्या स्कूटरींचीहि कथा फारशी निराळी नाहीं. त्यांतील पुष्कळ जुन्या स्कूटरींस चालू करण्यासाठीं किल्ली लागतच नसे, पायानें किक मारली कीं पुरे. किल्लीचें काम हँडल वळवून कुलूपबंद करण्यापुरतें. चोरास हें ठाऊक होतें, आणि चावीवाल्यासहि ठाऊक होतें. दोघांचें ज्ञान एकच होतें. भेद होता तो केवळ नीतीचा. धातूच्या किल्लीचें गुपित सर्वांचें असल्यामुळें तें सज्जनास स्वस्त पडे आणि दुर्जनासहि स्वस्त पडे.

या स्थितीवर उपाय म्हणून वीज आली. अमेरिकेंत १९८६ च्या कॉर्व्हेट गाडीच्या किल्लींत विजेस विशिष्ट अडथळा करणारी एक लहानशी गोळी बसविलेली होती. अशा गोळ्यांचे प्रकार अवघे पंधरा. तेव्हां पंधरा किल्ल्या बाळगणाऱ्या चोरापुढें त्या उपायाचें फारसें चालणारें नव्हतें. खरा पालट पुढल्या दशकांत झाला. किल्लीच्या मुठींत एक सूक्ष्म चिप आली, आणि कुलुपाभोवतीं तारेचें वेटोळें आलें. त्या वेटोळ्यांतून निघणाऱ्या लहरींवरच चिप जागी होते. तिला स्वतःची बॅटरी लागत नाहीं. पुढें सुधारलेल्या पद्धतींत गाडी दर वेळीं एक नवा आंकडा प्रश्नादाखल टाकते. किल्ली आपल्या पोटांतील गुप्त आंकड्याशीं त्याचें गणित करून उत्तर पाठविते. उत्तर जुळलें तरच एंजिनास इंधन मिळतें. रोज रात्रीं बदलणाऱ्या परवलीच्या शब्दाप्रमाणें कालचें उत्तर आज निरुपयोगी. मूळ गुपित मात्र कधींच बाहेर पडत नाहीं. धातूची किल्ली आपला आंकडा दाखवून ओळख पटविते. ही किल्ली तो न दाखवितां ओळख पटविते. विचार करतां ही मोठी बौद्धिक प्रगति आहे.

तिचें फळहि मिळालें. युरोपीय संघांत १९९८ पासून नव्या मोटारींस अशी यंत्रणा सक्तीची झाली. नेदरलंड्समधील आंकड्यांचा अभ्यास करून दोघा अर्थशास्त्रज्ञांनीं २०१६ सालीं असा निष्कर्ष प्रसिद्ध केला कीं, या यंत्रणेमुळें गाडी चोरीस जाण्याचा संभव सरासरी सुमारें चाळीस टक्क्यांनीं घटला. उलट बाजूचा पुरावा अमेरिकेनें पुरविला. दोन कोरियन कंपन्यांनीं तेथें विकलेल्या पुष्कळ गाड्यांत ही यंत्रणा बसविलेली नव्हती. २०२१ नंतर पोरासोरांनीं त्या गाड्या पळविण्याचा सपाटाच लावला. तेव्हां 'जुनें तें सोनें' म्हणणाऱ्यांनीं हें सोनें चोरांनाहि तितकेंच प्रिय होतें, हें विसरूं नये.

परंतु या प्रगतीबरोबर आणखी एक पालट मुकाट्यानें घडून आला. धातूच्या किल्लीचा आंकडा मालकाच्या खिशांत होता. नव्या किल्लीचा आंकडा कारखानदाराच्या दप्तरांत गेला. दुसरी किल्ली कापणें आतां पुरत नाहीं. ती गाडीच्या यंत्रास 'ओळखीची' करून द्यावी लागते, आणि ही ओळख करून देण्याचें उपकरण व परवाना ज्याच्याजवळ, त्याच्याच हातीं दुसरी किल्ली. गाडीची पूर्ण किंमत मोजून तिचा धनी झालेला पिपरी मेघेचा गृहस्थ किल्ली हरवतांच आपणच धनी आहों असें सिद्ध करण्यासाठीं अर्जदार होऊन उभा राहतो. ही चौकशी अनाठायीं नाहीं. चोरहि 'माझी किल्ली हरवली' असेंच सांगणार. पण चौकशी करणारा, गुपित राखणारा, किल्ली विकणारा व तिची किंमत ठरविणारा हे चारहि अधिकार एकाच ठिकाणीं एकवटले आहेत, हें अनाठायीं आहे. हवालदार, सरनोबत, सबनीस व कारखानीस एकच झाला, तर गडाची जी अवस्था होईल ती येथें होते. मात्र गड फितुरीनें जात नाहीं, मक्तेदारीनें जातो.

ही केवळ आमची कल्पना नव्हे. मोटारींचे सुटे भाग व तपासणीचीं उपकरणें स्वतंत्र कारागिरांस मिळूं न देणें हा स्पर्धेचा भंग आहे, असें ठरवून भारतीय स्पर्धा आयोगानें २५ ऑगस्ट २०१४ रोजीं चौदा मोटार कंपन्यांस एकूण २,५४४ कोटींहून अधिक रुपयांचा दंड ठोठावला. तो वाद पुढें वरच्या न्यायासनांपुढें गेला. तथापि प्रश्न खरा आहे एवढें त्या निर्णयानें अधिकृत रीत्या नमूद झालें. २०२२ च्या जुलैमध्यें केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानें 'दुरुस्तीच्या हक्का'चा विचार करण्यास समिति नेमली, तिच्या कक्षेंतहि मोटारी आहेत.

कंपन्यांचा बचाव असा कीं, गुपित आमच्या दप्तरांत आहे म्हणूनच गाडी सुरक्षित आहे. येथें १८५१ सालच्या वादाची पुनरावृत्ति होते. अमेरिकेंतील जॉन्स हॉप्किन्स विद्यापीठाच्या संशोधकांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००५ सालीं एका प्रचलित चिपेचें गुपित उकलून दाखविलें. तें अवघें चाळीस बिटांचें होतें. दुसऱ्या एका चिपेचे दोष दाखविणारा निबंध प्रसिद्ध करण्यास २०१३ मध्यें लंडनच्या न्यायालयानें मनाई केली, व तो दोन वर्षांनीं, १९१५ च्या नव्हे तर आपल्या २०१५ च्या जगांत, प्रकाशांत आला. केर्कहॉफ्सचें सूत्र मोडून यंत्राची रचनाच लपवीत बसलें, म्हणजे असें होतें. किल्ली खिशांतून न काढतां गाडी उघडण्याची जी सोय १९९८-९९ च्या सुमारास मर्सिडीझनें आणली, तिच्यांतून तर एक नवीच युक्ति निघाली. दोन चोर दोन पेट्या घेऊन येतात. एक घराच्या भिंतीपाशीं, दुसरा गाडीपाशीं. घरांत खुंटीस टांगलेल्या किल्लीचा आवाज ते लहरींनीं गाडीपर्यंत पोंचवितात, आणि धनी जवळच आला असें समजून गाडी दार उघडते. गुपित न फोडतां, नुसता निरोप पोंचवून केलेली ही चोरी होय. तेव्हां दप्तरांतील गुपितानें सर्व साधतें, हा दावा टिकत नाहीं.

मग अधिकार सर्वस्वीं मालकाच्याच हातीं द्यावा काय? तोहि प्रयोग होऊन गेला आहे. १९९० नंतरच्या कांहीं फियाट गाड्यांबरोबर मालकास गुप्त आंकड्याचें एक 'कोड कार्ड' व लाल रंगाची एक मुख्य किल्ली मिळे. नवी किल्ली ओळखीची करून देण्याचा अधिकार त्या लाल किल्लीचा. कल्पना उदात्त, पण माणूस विसराळू. लाल किल्लीच हरवली म्हणजे गाडीचा विजेचा मेंदूच बदलण्याचा प्रसंग येई. कंपनीची मक्तेदारी गेली, आणि तिच्या जागीं दैवाची आली.

आमचें म्हणणें इतकेंच कीं, गडाची जुनी वांटणी येथेंहि करावी. गाडी विकत घेतांना तिच्या किल्लीचा क्रमांक व गुप्त आंकडा मोहोरबंद पाकिटांत मालकास मिळावा. त्याची प्रत कारखानदाराच्या दप्तरांत असावी. आणि किल्ली बनविणारा हात मात्र तिसरा, म्हणजे ओळख व चारित्र्य तपासून नोंदलेल्या स्वतंत्र कारागिराचा असावा. त्यानें कोणत्या गाडीची किल्ली कोणासाठीं केली याची लेखी नोंद राहावी. अमेरिकेंत नोंदलेल्या कुलूपकारांस कंपन्यांकडून किल्ल्यांचे आंकडे अशाच अटींवर मिळतात. त्यानें तेथें आकाश कोसळलेलें नाहीं. असें झालें तर वर्ध्याच्या रस्त्यावरील चावीवाला कानशीबरोबर नवें उपकरणहि शिकेल, आणि ज्या विद्येवर त्याच्या बापानें पोट भरलें ती विद्या त्याच्या मुलाच्या हातून केवळ परवान्याच्या अभावीं जाणार नाहीं. तोंपर्यंत व्यवहारी वाचकांनीं एवढें करावें: दुसरी किल्ली पहिलीच्या जुडग्यांत न ठेवतां निराळ्या जागीं ठेवावी, तिचा क्रमांक लिहून ठेवावा, आणि एक हरवतांच, दुसरी हातीं आहे तोंच, तिसरी करून घ्यावी. गाडी चोरीस गेल्यास विमा कंपन्या सर्व किल्ल्या हजर करण्यास सांगतात, हेंहि ध्यानांत असूं द्यावें.

जातां जातां एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. नव्या काळ्या मुठीच्या बहुतेक किल्ल्यांच्या पोटांत, एक कळ दाबली असतां, धातूचें एक लहानसें पातें निघतें. बॅटरी संपली, लहरी मुक्या झाल्या, म्हणजे त्या पात्यानें दार तरी उघडतां यावें, म्हणून तें आंत ठेवलेलें असतें. सर्व भरंवसा एकाच ठिकाणीं ठेवूं नये हें किल्ली घडविणाऱ्यांस कळलें आहे; किल्लीचे कायदे घडविणाऱ्यांसहि तें कळावें.